सयामचा राजपुत्र-परराष्ट्रमंत्री

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा आग्नेय आशियाचा नकाशा पाहिला, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. ब्रह्मदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला होता, मलायात त्यांचेच वर्चस्व वाढत होते. व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओस फ्रेंचांनी घेतले होते. मधोमध असलेला सयाम, म्हणजे आजचा थायलंड, मात्र स्वतंत्र राहिला. दोन बलाढ्य साम्राज्यांना आपल्यामध्ये एक मोकळा पट्टा हवा होता, म्हणून सयाम वाचला, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरे आहे. परंतु तेवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. तो पट्टा किती रुंद असावा आणि त्यात कोणाचा कायदा चालावा, यासाठी कोणाला तरी वर्षानुवर्षे वाटाघाटी कराव्या लागल्या. सयामच्या वतीने अडतीस वर्षे ती धुरा वाहणाऱ्या राजपुत्राचा परिचय आपल्याकडे फारसा नाही.

त्यांचे नाव देववंश. त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८५८ रोजी झाला. पिता राजा मोंगकुट सिंहासनावर येण्यापूर्वी सत्तावीस वर्षे बौद्ध भिक्षू होते. त्या काळात बँकॉकमधील फ्रेंच मिशनरी बिशप पालग्वा यांच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि त्यांच्याकडून ते लॅटिन शिकले. पुढे त्यांनी राजवाड्यातील मुलांना इंग्रजी शिकविण्यासाठी ॲना लिओनोवेन्स या शिक्षिकेला बोलाविले. ती जन्मली होती आपल्या अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात. परक्यांची विद्या आत्मसात केल्याखेरीज परक्यांना तोंड देता येणार नाही, ही जाणीव त्या राजवाड्यात होती.

मोंगकुट यांच्यानंतर १८६८ साली चुलालोंगकोर्न राजे झाले. देववंश हे त्यांचे सावत्र बंधू. देववंशांच्या तीन सख्ख्या बहिणी या राजाच्या राण्या होत्या. १८८५ साली राजाने त्यांच्याकडे परराष्ट्र खाते सोपविले, तेव्हा ते अवघ्या विशीत होते. आप्ताला पद मिळाले, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु पद मिळाल्यावर त्यांनी काय केले, हे पाहणे अगत्याचे आहे. तोवर मंत्री आपल्या राहत्या घरूनच कारभार हाकीत. देववंशांनी राजाकडे स्वतंत्र कचेरी मागितली. राजाने सारानरोम वाडा दिला आणि खाजगी दिवाणखान्यातून चालणारे खाते कागदपत्रे व नियमित कामकाज असलेले खाते बनले.

१८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवासाठी ते लंडनला गेले. परतताना २६ सप्टेंबर रोजी त्यांनी तोक्योत जपानशी मैत्रीच्या करारावर सही केली. १८८९ साली सयामने नवी सौर दिनदर्शिका स्वीकारली. तिची आखणीही त्यांचीच. महिन्यांची जी नावे त्यांनी योजली, ती ऐकून मराठी माणसास नवल वाटेल. एप्रिल म्हणजे ‘मेसायोन’, अर्थात मेष आणि आयन. मे महिन्याच्या नावात वृषभ आणि आगम हे शब्द आहेत. तीस दिवसांच्या महिन्यांना ‘आयन’, एकतीस दिवसांच्यांना ‘आगम’ आणि फेब्रुवारीला ‘बंध’! युरोपीय गणित घ्यावे, पण त्याला आपल्या परंपरेतील नाव द्यावे, हा त्यांचा स्वभाव येथे दिसतो. थायलंडमध्ये आजही हीच नावे प्रचलित आहेत.

त्यांची खरी कसोटी लागली १८९३ साली. मेकाँग नदीच्या डाव्या तीरावर फ्रान्सने हक्क सांगितला होता. १३ जुलैच्या संध्याकाळी दोन फ्रेंच युद्धनौका पाकनाम येथील तोफांचा मारा सोशीत चाओ फ्राया नदीत शिरल्या आणि थेट बँकॉकपुढे नांगर टाकून उभ्या राहिल्या. राजवाडा त्यांच्या तोफांच्या टप्प्यात आला. एखादी संतप्त गोळी सुटली असती, तर फ्रान्सला हवे ते निमित्त मिळाले असते. अशा वेळी परराष्ट्रमंत्र्यांनी काय करावे? देववंशांनी त्या फ्रेंच अधिकाऱ्याची भेट घेऊन त्याच्या धाडसाबद्दल व नौकानयनाच्या कौशल्याबद्दल त्याचे अभिनंदन केले, असे इतिहासकार नमूद करतात. अपमान गिळून उच्चारलेल्या त्या सौजन्याच्या शब्दांनी युद्धाचे निमित्त टळले.

मात्र मागणी टळली नाही. २० जुलै रोजी फ्रान्सने अठ्ठेचाळीस तासांची निर्वाणीची सूचना दिली. त्यानंतर नाकेबंदी झाली. इंग्लंड मदतीस येईल ही आशा फोल ठरली. ३ ऑक्टोबर १८९३ च्या तहान्वये मेकाँगचा डावा तीर गेला, तीस लक्ष फ्रँकची भरपाई द्यावी लागली आणि चांथाबुरी बंदरात फ्रेंच सैन्य बसले. राजा खचून आजारी पडला. तहावर सही करण्याचे दुर्धर कर्तव्य देववंशांच्या वाट्याला आले.

या आघातातून त्यांनी एक धडा घेतला: दुर्बळाला तोफेपेक्षा कायद्याचा आधार अधिक हवा. बेल्जियमचे विख्यात विधिज्ञ रोलँ-जाकमँ १८९२ पासूनच सयामचे प्रमुख सल्लागार होते. त्यांच्यानंतर अमेरिकन विधिज्ञ आले. १८५५ च्या बाऊरिंग तहामुळे सयामला तीन टक्क्यांहून अधिक आयात जकात घेता येत नव्हती आणि ब्रिटिश प्रजाजनाचा न्याय ब्रिटिश वकील करी. इतर राष्ट्रांनीही हेच हक्क मिळविले होते. आपल्याच भूमीवर आपला कायदा चालू नये, हे शल्य दूर करण्यासाठी पुढील सौदे झाले. १९०७ मध्ये बट्टामबँग, सिएम रीप व सिसोफोन फ्रान्सला देऊन त्याच्या आशियाई प्रजाजनांवरील न्यायाधिकार बव्हंशी परत घेतला. १० मार्च १९०९ रोजी केडा, केलंतान, तेरेंगानु व पेर्लिस ही मलय संस्थाने इंग्लंडला दिली; मोबदल्यात न्यायाधिकारात सवलती आणि दक्षिणेतील रेल्वेसाठी चाळीस लक्ष पौंडांचे कर्ज मिळाले.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. सयाम वाचला, हे खरे. परंतु ज्यांची भूमी दिली-घेतली गेली, त्या लाओ, ख्मेर आणि मलय लोकांना कोणी विचारले? सयामनेही पूर्वी ती भूमी बळानेच अंकित केली होती. नदीवर आखलेली रेषा कागदावर वाळली, पण माणसांच्या मनांत धुमसत राहिली. १९४० साली फ्रान्सचा युरोपात पराभव होताच थायलंडने गेलेला मुलूख परत मागितला. त्या तापलेल्या वातावरणात कॅथलिक धर्म हा ‘फ्रेंचांचा धर्म’ ठरला. डिसेंबर महिन्यात मेकाँगकाठच्या सोंगखोन गावातील एक धर्मशिक्षक, दोन धर्मभगिनी आणि चार स्त्रिया व मुली अशा सात जणांना ठार मारण्यात आले. ते सारे त्याच भूमीतील साधे लोक होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८९ साली त्यांना धन्यवादित घोषित केले. गनबोटी ज्या ध्वजाखाली आल्या, त्याच ध्वजाच्या छायेत धर्म आला असे लोकांस वाटले, की त्याची किंमत निरपराधांना द्यावी लागते. मिशनकार्याच्या इतिहासाने हे विसरू नये.

देववंशांनी मात्र आपल्या कार्याचा आरंभीचा पल्ला पाहिला. २२ जुलै १९१७ रोजी सयामने जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले आणि पुढे राष्ट्रसंघाच्या संस्थापक सदस्यांत स्थान मिळविले. १९२० मध्ये अमेरिकेने आपले विशेष हक्क सोडण्याचा करार केला. २८ जून १९२३ रोजी देववंश निवर्तले, तेव्हा ते पदावरच होते. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्याशी नवे तह १९२५ मध्ये झाले. ते पाहण्यास ते नव्हते. त्यांच्यामागून त्यांचे पुत्र त्रायदोस यांनी तीच खुर्ची सांभाळली, ती १९३२ च्या क्रांतीने राजघराण्याची अनिर्बंध सत्ता संपेपर्यंत.

रणांगणावर विजय मिळविणाऱ्यांचे पुतळे उभे राहतात. ज्याने चार वेळा मान लवविली, तीनदा मुलूख देणाऱ्या तहांवर आपले नाव लिहिले आणि तरी देशाचे स्वत्व राखले, त्याचे मोल करणे कठीण जाते. देववंशांना पराभव टाळता आला नाही. पण पराभव कोठे थांबवावा, आणि जे गेले त्याच्या बदल्यात काय परत मिळवावे, हे त्यांना उमगले होते. त्यांचे चातुर्य मान्य करतानाच, त्या चातुर्याची किंमत ज्यांनी मोजली त्या सीमेवरच्या माणसांचीही आठवण ठेवली, तरच हा इतिहास आपण नीट वाचला असे म्हणता येईल.