रांग मांडणे आणि रांग उघडणे

आभासी संगणकातील नेटवर्क कार्डाला हात लावता येत नाही. मेमरीत मांडलेल्या काही रांगा आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा एक प्रोग्राम, एवढेच त्याचे अस्तित्व. ऑपरेटिंग सिस्टीमचा ड्रायव्हर या रांगा मांडतो, त्यांचा पत्ता पलीकडे कळवतो आणि मग त्या उघडतो, म्हणजे वाहत्या करतो. मांडणे आणि वाहते करणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे आज ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाला शिकवले जाते. मात्र ही जाण एका चिपमध्ये स्पष्ट नोंदलेली होती, मधल्या काळात ती पुसट झाली आणि मोठ्या वळणाने परत आली. तो रस्ता आपण सुरुवातीपासून चालून पाहू.

सुरुवात 1980च्या दशकात होते. एएमडी कंपनीची एएम7990 ही इथरनेट चिप तेव्हा ‘लान्स’ या नावाने ओळखली जाई. पॅकेटांची देवघेव करण्यासाठी तिने मुख्य मेमरीतील वर्तुळाकार रांगांचा आधार घेतला. रांगेतील प्रत्येक नोंदीत एक मालकीचा बिट असे. तो चिपच्या नावे असेल तर ड्रायव्हरने त्या नोंदीला हात लावायचा नाही, ड्रायव्हरच्या नावे असेल तर चिपने थांबायचे. एका रांगेत जास्तीत जास्त 128 नोंदी मावत. रांगांचे पत्ते आणि लांबी एका छोट्या ‘प्रारंभ-खंडा’त लिहून ड्रायव्हर त्याचा पत्ता चिपला देई. त्यानंतर पहिल्याच नियंत्रण-रजिस्टरात दोन निराळे बिट येत: एक ‘इनिट’, दुसरा ‘स्टार्ट’. पहिल्याने चिप तो खंड वाचून घेई आणि वाचन पुरे झाल्याची खूण करी, दुसऱ्याने पॅकेटे वाहू लागत. माझ्या मते, पुढच्या तीन दशकांतील बराच गोंधळ या दोन बिटांमधील अंतर विसरल्यामुळे झाला.

दरम्यान आभासी संगणकाची कल्पना मोठ्या यंत्रांच्या जगात आधीच रुजली होती. आयबीएमने 1972 साली व्हीएम/370 जाहीर केले. त्यात आतली सिस्टीम ‘डायग्नोज’ या सूचनेद्वारे थेट नियंत्रक प्रोग्रामशी बोलू शकत असे. आपण आभासी यंत्रात आहोत हे ठाऊक असलेल्या ड्रायव्हरचा हा विस्मृतीत गेलेला पूर्वज. वैयक्तिक संगणकांवर मात्र पाऊल नकलेचे पडले. 1999 साली व्हीएमवेअरने आपले पहिले वर्कस्टेशन आणले, तेव्हा आभासी कार्ड म्हणून तिने लान्सचीच नक्कल केली. ड्रायव्हर जुनाच चालला, ही सोय झाली. पण चिपच्या रजिस्टराला स्पर्श करावा की आभासी यंत्रातून बाहेर पडून पुन्हा आत यावे लागे, आणि एक पॅकेट पाठवताना असे अनेक स्पर्श होत. 2003 साली केंब्रिज विद्यापीठातील झेन प्रकल्पाने नकलेचा हट्ट सोडला. दोन बाजूंनी सामायिक मेमरीतील वर्तुळाकार रांग वापरायची, एकाने मागणी लिहायची, दुसऱ्याने उत्तर, अशी त्याची मांडणी होती. झेनच्या ड्रायव्हरांमध्ये पुढे ‘मांडणी झाली’ आणि ‘जोडणी झाली’ या दोन अवस्था वेगळ्या नोंदल्या गेल्या.

2006च्या अखेरीस केव्हीएम हा आणखी एक हायपरवायझर, म्हणजे आभासी यंत्रे चालवणारा प्रोग्राम, आला आणि प्रत्येक हायपरवायझरचे ड्रायव्हर निराळे, अशी स्थिती लिनक्समध्ये झाली. त्यावर ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांनी व्हर्टिओ हे सर्वांसाठी सामायिक माध्यम मांडले. जानेवारी 2008 मधील लिनक्स 2.6.24 मध्ये ते दाखल झाले. नोंदींचा तक्ता, ‘उपलब्ध’ वर्तुळ आणि ‘वापरलेले’ वर्तुळ असे तीन भाग मिळून एक रांग. रचना सुटसुटीत होती, पण मांडणी आणि उघडणी एकत्र आली होती. रांगेचा आकार उपकरण ठरवी. ड्रायव्हर तेवढी सलग मेमरी घेई आणि तिचा पान-क्रमांक एका 32 बिटी रकान्यात लिही. तो क्रमांक लिहिला की पत्ताही कळला आणि रांगही चालू झाली, शून्य लिहिले की बंद. उपकरणाने कामाला कधी लागायचे, हे सांगणारा ‘ड्रायव्हर ओके’ हा वेगळा बिट होता खरा. तरी काही ड्रायव्हर तो चढवण्याआधीच रांगा वापरू लागत आणि पलीकडची बाजू ते चालवून घेई.

ओअ‍ॅसिस या मानक संस्थेने 2014 साली व्हर्टिओ 1.0चा मसुदा समितीच्या पातळीवर संमत केला. त्यात झालेली दुरुस्ती मला सर्वांत मोलाची वाटते. तिन्ही भागांचे पत्ते स्वतंत्र झाले, ड्रायव्हरला रांगेचा आकार कमी करण्याची मुभा मिळाली आणि रांग उघडण्यासाठी ‘क्यू एनेबल’ हा निराळा रकाना आला. ‘ड्रायव्हर ओके’ येईपर्यंत उपकरणाने रांगेतील काहीही उचलू नये, असा दंडक घातला गेला. 2014च्या अखेरीस लिनक्समध्येही ‘उपकरण तयार आहे’ असे स्पष्ट कळवणारे फंक्शन आले. तरी खिंडार उरलेच: कार्डाची नोंदणी झाली, पण उपकरण अजून तयार नाही, अशा निसटत्या क्षणी कोणी ते कार्ड चालू केले तर ड्रायव्हर अवेळी रांगांना हात घाली. व्हर्टिओच्या नेटवर्क ड्रायव्हरमधील ही चूक 2022 साली दुरुस्त झाली.

व्हर्टिओच्या नेटवर्क कार्डाला रांगांच्या अनेक जोड्यांची सोय 2013च्या लिनक्स 3.8 पासून आहे. तिथे उघडण्याची आणखी एक पायरी आली. स्वीकाराच्या आणि पाठवणीच्या साऱ्या जोड्या सुरुवातीलाच मांडल्या, तरी पहिलीच जोडी चालते. बाकीच्या चालवायच्या तर ड्रायव्हरला नियंत्रण-रांगेतून जोड्यांची संख्या कळवावी लागते. 2022च्या व्हर्टिओ 1.2 मध्ये आणखी एक मुभा आली: संपूर्ण उपकरण न थांबवता एखादीच रांग बंद करून, हवी तर नव्या आकाराने मांडून, पुन्हा उघडता येते.