गर्भिणी परिचर्या, प्रतिफॉस्फोलिपिड लक्षणसमूहातील

प्रतिफॉस्फोलिपिड लक्षणसमूह हा आत्मप्रतिरक्षाजन्य विकार आहे. त्यात शरीर स्वतःच्याच फॉस्फोलिपिडांशी बद्ध होणाऱ्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. परिणामी रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि वारेचे कार्य बिघडून वारंवार गर्भपात, गर्भमृत्यू किंवा अकाल प्रसूती संभवते. अशा गर्भिणीला स्वतःची काळजी घेण्यास समर्थ करणारी परिचर्यापद्धती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दोन स्वतंत्र प्रवाहांच्या संगमातून घडली.

पहिला प्रवाह वैद्यकातील होय. उपदंशाच्या निदानासाठी १९०६ मध्ये वासरमान परीक्षा प्रचारात आली. तीत वापरल्या जाणाऱ्या ऊतकार्कातील क्रियाशील घटक, कार्डिओलिपिन, मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ मध्ये बैलाच्या हृदयापासून वेगळा केला. पुढे सरसकट तपासणी होऊ लागली, तेव्हा उपदंश नसलेल्या काही व्यक्तींतही परीक्षा होकारार्थी येते, असे आढळले. मूर व मोर यांनी १९५२ मध्ये अशा मिथ्या निष्कर्षांचा विचार केला. निरपराध स्त्रीवर लांच्छन आणणारा हा निष्कर्ष वस्तुतः एका वेगळ्याच विकाराची खूण ठरू शकत होता. त्याच वर्षी कॉन्ली व हार्टमन यांनी ल्यूपस रोग्यांच्या रक्तात क्लथनविरोधी द्रव्य असल्याचे नोंदविले. फाइनस्टाइन व रॅपपोर्ट यांनी १९७२ मध्ये त्यास ‘ल्यूपस प्रतिक्लथक’ हे नाव दिले. हे नाव फसवे आहे. परीक्षानळीत रक्त गोठण्यास विलंब लावणारे हे द्रव्य शरीरात मात्र गुठळ्यांना कारणीभूत होते. लंडनमध्ये ग्रॅहॅम ह्यूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडांची संवेदनक्षम मापनपद्धती व लक्षणसमूहाचे वर्णन प्रसिद्ध केले.

प्रारंभी प्रेडनिसोन व ॲस्पिरिन यांचा उपचार होत असे. १९९२ मधील एका तुलनात्मक अभ्यासात हेपारिनाने प्रेडनिसोनाइतकेच यश मिळाले व मातेस उपद्रव कमी झाले. लंडनमध्ये राय व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ९० स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध केली. केवळ ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ४२ टक्के, तर हेपारिनही घेणाऱ्यांत ७१ टक्के जिवंत जन्म झाले. हेपारिन वारेतून गर्भाकडे जात नाही. वॉर्फरिन मात्र जाते आणि गर्भास अपाय करते. म्हणून गर्भारपणात हेपारिनाची निवड होते.

या उपचाराने एक नवा प्रश्न निर्माण केला. अंतःक्षेपण अनेक महिने दररोज घ्यावयाचे असल्याने रुग्णालयात राहणे शक्य नव्हते. म्हणजे उपचाराचे यश रुग्णेच्याच हाती गेले. येथे दुसरा प्रवाह उपयोगी पडला. अमेरिकन परिचर्यातज्ञ डॉरोथिया ओरेम (१९१४–२००७) यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वयंपरिचर्येचा सिद्धांत मांडला. व्यक्तीची गरज तिच्या क्षमतेपेक्षा अधिक झाली की परिचारिकेचे कार्य सुरू होते, हे त्याचे सूत्र. ते पूर्णतः भरपाई करणारे, अंशतः भरपाई करणारे किंवा आधार व शिक्षण देणारे असे त्रिविध असते. गर्भारपणाच्या गरजा विकासात्मक, तर विकाराच्या गरजा आरोग्यविचलनजन्य. या रुग्णेत दोन्ही एकत्र येतात.

व्यवहारात परिचारिका पोटाच्या त्वचेखाली सुई टोचण्याची रीत, जागा आलटून पालटून निवडणे, टोचलेली जागा न चोळणे व सुयांची सुरक्षित विल्हेवाट शिकविते. पायाची एकाकी सूज, धाप, तीव्र डोकेदुखी, दृष्टिदोष, रक्तस्राव व गर्भाची हालचाल मंदावणे ही धोक्याची लक्षणे ओळखून तत्काळ रुग्णालयात यावे, हे ती समजावते. प्रसूतिवेदना सुरू होताच पुढील मात्रा न घेता वैद्यास कळवावे लागते. कण्यातील बधिरीकरणापूर्वीही औषधानंतर ठराविक काळ जावा लागतो. प्रसूतीनंतर गुठळ्यांचा धोका टिकून राहत असल्याने सामान्यतः सहा आठवडे उपचार चालू ठेवतात. त्या काळात स्तनपान करता येते. एस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या वर्ज्य असतात.

स्वयंपरिचर्या म्हणजे रुग्णेवर जबाबदारी ढकलणे नव्हे. पूर्वीची अपत्ये गमावलेल्या स्त्रीच्या मनात अपराधभाव असतो, आणि उपचार घेऊनही काही गर्भ वाचत नाहीत. तो दोष तिचा नव्हे, हे सांगणेही परिचर्येचाच भाग होय. औषधाचा खर्च, रुग्णालयाचे अंतर व घरातील मदत यांवर स्त्रीची क्षमता अवलंबून असल्याने कुटुंबालाही या शिक्षणात सामावून घेणे अगत्याचे ठरते.