शब्दवेध : कंपनी

'मुलगा कंपनीत लागला' आणि 'चहाला कंपनी दे' या दोन वाक्यांत शब्द एकच. त्यातला दुसरा अर्थ जुना, मुळाजवळचा. लॅटिनमध्ये 'कॉम' म्हणजे सह, 'पानिस' म्हणजे रोटी. एका रोटीतला वाटेकरी तो 'कंपॅनिओ'. फ्रेंचमार्गे हे कूळ इंग्रजीत आले. आधी सोबत, माणसांचा जथा, सैन्याची तुकडी आणि सोळाव्या शतकात व्यापारासाठी एकत्र आलेली मंडळी, असा अर्थ रुंदावला. 

१६०० साली लंडनच्या व्यापाऱ्यांना पूर्वेकडील व्यापाराची सनद मिळाली. १८१८ मध्ये त्यांच्याच कंपनीने पेशवाई बुडवली. घास वाटून खाणाऱ्यांच्या शब्दाला 'सरकार' जोडून 'कंपनी सरकार' म्हटले जावे, याची खंत मला आजही वाटते.

याच 'पानिस'पासून पोर्तुगीजांनी आपला रोटीवाचक शब्द घडवला आणि त्यांच्याकडून तो आपल्याकडे 'पाव' म्हणून आला. म्हणजे वडापावातला पाव आणि 'कंपनी'तला 'पनी' एकाच कुळातले! मुलांकडून 'कम्पॅनियन'चे स्पेलिंग घोकून घेण्याआधी त्यांना ही सोयरीक जरूर सांगा.