मिरजेत बघायला काय आहे?

परवा स्टेशनसमोर चहा घेत होतो. शेजारी एक गृहस्थ, हातात एक्स-रेचं पाकीट. वडिलांना दवाखान्यात दाखवायला आणलेलं, परतीची गाडी संध्याकाळी. त्यांनी चहावाल्याला विचारलं, "इथं बघायला काय आहे?"

"काय नाही ओ. मिरज म्हणजे दवाखाने आणि जंक्शन."

मी काही बोलेपर्यंत त्यांचा फोन वाजला आणि ते गेले. मला मात्र लागून राहिलं. बाहेरच्यांना मीही इतकी वर्षं हेच सांगत आलोय.

दवाखाने खरेच. कॅनडाहून आलेल्या डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथं रुग्णालय काढलं, तेव्हापासून माणसं येतायत. पण आलेल्यांना मिरजेनं नुसतं औषध दिलं नाही.

कुरुंदवाडच्या एका मुलाचे डोळे फटाक्यानं अधू झाले. त्याला उपचाराला मिरजेत आणलं. दृष्टी नीट परतली नाही, पण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखा गुरू मिळाला. हे विष्णू दिगंबर पलुस्कर. पुढे १९०१ मध्ये त्यांनी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं.

अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे. त्यांनी मिरजेत घर केलं. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवर त्यांचं निधन झालं. त्यांना आणलं ते मिरजेलाच. मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दरवर्षी उरुसात मोठमोठे गवई तिथं हजेरी लावतात, सेवा म्हणून गातात.

आणि सतारमेकर गल्ली! ही मूळची शिकलगार घराणी, तलवारी-भाल्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात संस्थानांची युद्धं संपली, हत्यारांचं काम बसलं. तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्यं हाती घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणायचे, वाळवायचे, त्यांना लाकडी दांडी जोडायची. तंबोऱ्याची जवारी लावणं तर निव्वळ कानाचं काम, ते मशीनला जमत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. आपण फेसबुकवर अभिनंदन केलं आणि विसरलो. आपल्यातले किती जण त्या गल्लीत एकदा तरी गेलेत?

मानांकनानं नाव राखलं जाईल. हात राखायचे तर गिऱ्हाईक पाहिजे, निदान कौतुकानं बघणारं माणूस तरी पाहिजे. पोरानं बापाच्या शेजारी बसून जवारी शिकावी, तर त्या कामाला गावात किंमत आहे हे त्याला दिसायला नको का?

म्हणून एक विनंती. पुन्हा कुणी विचारलं तर "काय नाही" म्हणू नका. रिक्षात बसवा, सतारमेकर गल्ली सांगा. भोपळ्यातून सूर कसा निघतो ते बघू दे. मग दर्ग्यात खाँसाहेबांच्या कबरीपाशी घटकाभर टेकू दे. भूक लागली तर ज्वारीची भाकरी आणि कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत. गाडीत खायला लसूण घातलेलं भडंग बांधून द्या.

चार तास पुरतात. पलुस्कर आणि खाँसाहेबही बाहेरूनच आले होते. त्यांनाही कुणी तरी मिरजेत चार पावलं सोबत केली असेल.