माझदा एमएक्स-५

माझदा एमएक्स-५ ही जपानमधील माझदा या कंपनीची दोन आसनांची, छत उघडता येणारी स्पोर्ट्‌स कार आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. उत्तर अमेरिकेत ती 'मियाटा', तर जपानमध्ये सुरुवातीस 'युनोस रोडस्टर' या नावाने विकली गेली. सर्वाधिक खपाची दोन आसनी खुली स्पोर्ट्‌स कार म्हणून २००० मध्ये गिनेस बुकात तिची नोंद झाली. तोवर ५,३१,८९० गाड्या तयार झाल्या होत्या. दहा लाखावी गाडी २२ एप्रिल २०१६ रोजी तयार झाली. भारतात ही गाडी अधिकृतपणे विकली जात नाही; येथे माझदा हे नाव मुख्यतः 'स्वराज माझदा'च्या मिनीबस व मालगाड्यांमुळे परिचित आहे.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकात लोटस एलान, एमजी बी, ट्रायम्फ स्पिटफायर अशा ब्रिटिश रोडस्टर गाड्या लोकप्रिय होत्या. चालवायला आनंददायी, पण तेलगळती आणि विजेच्या बिघाडांसाठी बदनाम, असा त्यांचा लौकिक होता. १९८० च्या सुमारास हा वर्ग जवळजवळ संपुष्टात आला. अशी साधी, हलकी गाडी पुन्हा बनवावी, असे बॉब हॉल या अमेरिकी मोटार पत्रकाराने १९७९ मध्ये माझदाचे केनिची यामामोतो यांना सुचवले. हॉल पुढे माझदाच्याच सेवेत रुजू झाले. प्रकल्पाची धुरा तोशिहिको हिराई यांच्याकडे होती.

रचना

पहिल्या पिढीत पुढे १.६ लिटरचे, सुमारे ११५ अश्वशक्तीचे इंजिन होते आणि शक्ती मागील चाकांना मिळत असे. वजन एक टनाहून कमी होते आणि ते पुढील व मागील चाकांवर जवळपास समसमान विभागलेले होते. गिअरबॉक्स आणि मागील डिफरन्शियल एका ॲल्युमिनियमच्या चौकटीने जोडलेले असल्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच गाडी विनाविलंब प्रतिसाद देते. स्वार आणि घोडा एकरूप व्हावेत, अशा अर्थाचा 'जिन्बा इत्ताई' हा जपानी शब्दप्रयोग या रचनेचे सूत्र म्हणून वापरला जातो.

चालकांचे अनुभव व मते

आकड्यांच्या हिशेबाने ही गाडी वेगवान नाही. पहिल्या पिढीच्या गाडीला ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास सुमारे नऊ सेकंद लागत. आजच्या अनेक कौटुंबिक मोटारी याहून चपळ आहेत. तरीही तिचे चाहते ज्याचे कौतुक करतात ते वेगळेच आहे: गिअरच्या दांडीची आखूड, नेमकी हालचाल, स्टिअरिंगमधून हाताला कळणारा रस्ता आणि वळणात गाडीचा तोल कुठे सरकतो आहे याची चालकाला होणारी जाणीव. अतिशक्तिशाली गाडीची क्षमता सार्वजनिक रस्त्यावर क्वचितच वापरता येते, येथे मात्र मध्यम वेगातही इंजिनाचा पुरेपूर उपयोग करता येतो, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद. तो बराचसा पटण्याजोगा आहे.

टीकाही जुनीच आहे. इंजिन अशक्त असल्याचा आक्षेप घेणाऱ्यांपैकी काहींनी टर्बो जोडले, तर काहींनी चक्क व्ही-८ इंजिन बसवले. उंच चालकाचे डोके छताला लागते, डिकी लहान आहे, महामार्गावर वाऱ्याचा आवाज फार, याही नेहमीच्या तक्रारी आहेत. ब्रिटनमध्ये तिची 'केशकर्तनकाराची गाडी' अशी टवाळीही झाली.

खुद्द चाहत्यांतही मतभेद आहेत. उघडमीट होणारे हेडलाइट दुसऱ्या पिढीत गेल्याची हळहळ अजून ओसरलेली नाही. २००५ मध्ये आलेली तिसरी पिढी आकाराने व वजनाने वाढल्यामुळे अनेकांना ती मूळ कल्पनेपासून दुरावलेली वाटली. २०१५ च्या चौथ्या पिढीत माझदाने शंभर किलोग्रॅमहून अधिक वजन घटवले. सुरक्षिततेचे नियम कडक होत असताना हे साधणे सोपे नव्हते. या गाडीला २०१६ चा 'वर्ल्ड कार ऑफ द इयर' पुरस्कार मिळाला. मात्र तिच्या विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमुळे रस्त्याची जाणीव पूर्वीइतकी होत नाही, असे जुन्या गाडीचे चालक सांगतात.

जुन्या गाड्या

पहिल्या पिढीच्या गाड्या आता संग्राह्य झाल्या आहेत. खरेदीपूर्वी दरवाजांखालील पत्र्याचा गंज तपासण्याचा सल्ला जाणकार देतात. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या देशांत ही तपासणी अधिकच गरजेची ठरते. सुरुवातीच्या काही इंजिनांतील क्रँकशाफ्टच्या पुढील टोकाचा दोषही पाहावा लागतो. २०१७ मध्ये माझदाने जपानमध्ये या गाड्यांच्या पुनरुज्जीवनाची सेवा जाहीर केली आणि कापडी छतासारखे काही सुटे भाग पुन्हा बनवण्यास घेतले.