व्हेनिसचे दहा दिवस

१८९७ सालचा प्लेग म्हटला की मराठी वाचकाच्या मनात पुणे उभे राहते. रँडची झडती-पथके, 'केसरी'तील लेखन, गणेशखिंडीच्या रस्त्यावरील २२ जूनची रात्र, चापेकर बंधू आणि त्यानंतर टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला हा क्रम आपल्याला शाळेपासून पाठ असतो. क्रम खरा आहे आणि त्यातील संताप तर निर्विवाद खरा आहे. मात्र तो सांगताना एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. पटकीने दरवर्षी लाखो माणसे मरत असताना स्वस्थ बसलेले, लोकांच्या घरात आणि धर्मात हात घालायला १८५७ नंतर कमालीचे कचरणारे हे सरकार १८९७ च्या फेब्रुवारीत एकाएकी इतके कठोर का झाले?

उत्तराचा काही भाग पुण्यात सापडतो, काही मुंबईत. पण एक मोठा भाग व्हेनिसमध्ये आहे. १६ फेब्रुवारी ते १९ मार्च १८९७ या काळात तेथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली होती. तिचा विषय होता प्लेग, आणि प्लेग म्हणजे त्या क्षणी मुंबई. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्चला गेल्या. त्यानंतर नऊच दिवसांनी त्या परिषदेच्या करारावर सह्या झाल्या. या दोन तारखा शेजारी ठेवून आपण सहसा वाचत नाही, कारण एक आपल्या इतिहासाच्या पुस्तकात असते आणि दुसरी वैद्यकीय मुत्सद्देगिरीच्या. 

थोडे मागे जावे लागेल. अशा परिषदांची सुरुवात १८५१ मध्ये पॅरिसला झाली. बारा सरकारांनी प्रत्येकी एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी पाठवला. या जोडीतच पुढच्या शंभर वर्षांचे भांडण साठवलेले आहे: डॉक्टरने रोग कसा पसरतो ते सांगायचे आणि मुत्सद्द्याने व्यापार कसा थांबणार नाही ते पाहायचे. क्वारंटीन ही जुनी रीत. रागुसा, म्हणजे आजचे डुब्रॉव्हनिक, या बंदराने १३७७ मध्ये रोगट प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर ठेवण्याचा नियम केला; पुढे तीसाचे चाळीस झाले आणि व्हेनिसच्या बोलीतल्या 'चाळीस'वरून हा शब्द जगभर गेला. पण वाफेच्या जहाजांच्या युगात चाळीस दिवस कोणाला परवडणार? बंदरात उभे असलेले जहाज म्हणजे मालकाला दररोज लागलेली गळती. जगातील सर्वांत मोठा व्यापारी ताफा इंग्रजांचा होता. त्यामुळे क्वारंटीन ही निरर्थक, मध्ययुगीन गोष्ट आहे असे मत इंग्लंडच्या प्रतिनिधींनी परिषदांमागून परिषदांत मांडावे, यात नवल नाही. पटकी संसर्गाने पसरते हेच नाकारणारे वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी हिंदुस्थान सरकारपाशी होते, आणि त्यांचे शास्त्रीय मत सरकारच्या व्यापारी हिताशी इतके तंतोतंत जुळत होते, की युरोपातील इतर प्रतिनिधी त्यावर उघड अविश्वास दाखवत.

१८६५ मध्ये मक्केच्या यात्रेत पटकी उसळली, हजारो यात्रेकरू दगावले आणि परतणाऱ्या जहाजांबरोबर साथ इजिप्तमार्गे युरोपात शिरली. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पटकीचे माहेरघर गंगेचा मुखप्रदेश असल्याचे आणि यात्रेकरू हे तिचे वाहक असल्याचे ठरवून टाकले. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. मुंबई युरोपच्या जवळ आली आणि तेवढीच धोक्याची वाटू लागली. 

आता या परिषदांचे जे फलित हाती आले, ते नीट पाहण्यासारखे आहे. १८९२ च्या व्हेनिस परिषदेत पहिला करार झाला तो सुएझपुरता. संशयित जहाजालाही कालव्यातून जाऊ द्यायचे, मात्र 'क्वारंटीनमध्ये', म्हणजे किनाऱ्याशी कोणताही संपर्क न ठेवता. जहाज पुढे जाणार, माल पुढे जाणार. वाटेत कोणी उतरायचे नाही. लगेच १८९४ मध्ये पॅरिसला वेगळी परिषद झाली ती खास मक्केच्या यात्रेसाठी, आणि तेथे नियमांचा रोख जहाजावरून माणसावर आला. चढण्यापूर्वी तपासणी, तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर थांबा, कपड्यांचे निर्जंतुकीकरण. कामरानचे क्वारंटीन केंद्र तुर्की सरकारने १८८० च्या दशकाच्या आरंभी उभारले होते. तेथे अडकून पडण्याचे शुल्क यात्रेकरूंकडूनच घेतले जाई. यात्रेकरूपाशी जाण्यायेण्याचा खर्च भागेल इतके पैसे असल्याचा पुरावा हवा, असाही आग्रह होता. डच सरकारने जावा-सुमात्रातील आपल्या प्रजेला ही अट १८५९ पासूनच घातली होती. इंग्रज मात्र धर्मात ढवळाढवळ नको म्हणून तिला राजी नव्हते. व्हिसाच्या अर्जाला बँकेचे खातेपत्रक जोडताना ज्यांना आपण संशयित असल्याची जाणीव झाली असेल, त्यांना या अटीचे कुळ ओळखीचे वाटेल.

याच काळातील समुद्रावरची एक गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते, पण या संदर्भात नव्हे. १८८० मध्ये 'जेद्दा' नावाचे जहाज शेकडो मुसलमान यात्रेकरूंना घेऊन सिंगापूर-पेनांगहून निघाले. वाटेत ते बुडणार असे वाटून कप्तान आणि गोरे अधिकारी यात्रेकरूंना तसेच सोडून पळाले. जहाज बुडाले नाही आणि दुसऱ्या जहाजाने ओढून एडनला आणले. कॉनरॅडच्या १९०० मधील 'लॉर्ड जिम'चे बीज या घटनेत आहे. वर्गात आपण जिमच्या अपराधभावनेविषयी तासन्‌तास बोलतो. कादंबरीतील 'पाटना' जहाजाच्या डेकवर झोपलेल्या माणसांविषयी बोलायला मात्र फारसे हाती लागत नाही, कारण कादंबरीत ती एक गर्दी आहे. हा कॉनरॅडवरचा आरोप म्हणून मी लिहीत नाही. त्या दशकांतील आरोग्य करारांची भाषाही हेच करते. केबिनमधील प्रवासी व्यक्ती असतो. डेकवरचा प्रवासी समूह असतो.

असो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. (हे मूळचे गोव्याचे, धोबीतलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, आणि त्याखालून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो कोणाचा हे ठाऊक असते.) प्रशासनाला 'प्लेग' हा शब्द उच्चारणे आरंभी जड गेले, आणि त्यामागे केवळ अज्ञान नव्हते. प्रत्येक जहाजाला बंदर सोडताना 'बिल ऑफ हेल्थ' हे आरोग्यपत्र घ्यावे लागे. त्यावर त्या बंदरात साथ आहे की नाही याची नोंद असे. मुंबईच्या आरोग्यपत्रावर प्लेग लिहिला गेला, की तेथून निघालेले प्रत्येक जहाज पुढच्या प्रत्येक बंदरात संशयित. रोग कबूल करणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला मोकळीक, हा या व्यवस्थेचा जन्मजात दोष होता, आणि तो आजही पुरता गेलेला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा नवा प्रकार जगाला कळवला, आणि एक-दोन दिवसांतच अनेक देशांनी दक्षिण आफ्रिकेची विमाने बंद केली.

मुंबईचा प्लेग लपण्यासारखा नव्हता. १८९१ च्या शिरगणतीत सव्वाआठ लाखांची वस्ती असलेल्या शहरातून फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारे निम्मी माणसे पळाली होती. युरोपात हिंदी मालावर आणि जहाजांवर सरसकट बंदी येईल ही भीती लंडन आणि कलकत्ता दोन्हीकडे होती. ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा झाला. रेल्वे प्रवाशांची तपासणी आणि संशयितांना वेगळे ठेवण्याची तरतूद त्यात आहे, हे आपण ऐकलेले असते. पण त्याच कायद्यात जहाजांविषयीही अधिकार दिले होते: बंदरात येणारे आणि बंदरातून निघणारे जहाज तपासण्याचे व अडवण्याचे, तसेच त्यातून जाऊ इच्छिणाऱ्या माणसाला अडवण्याचे. सरकारे बहुधा आत काय येते याला भितात. येथे बाहेर काय जाते याचाही बंदोबस्त आहे. युरोपला आपला माल आणि आपली जहाजे स्वीकारार्ह वाटावीत म्हणून स्वतःच्या प्रजेला दाराशी रोखण्याची ही तयारी होती, आणि ती परिषद भरण्याच्या बारा दिवस आधी कागदावर आली होती.

त्याच सुमारास सरकारने हजयात्राही बंद केली. त्या वर्षी हज मे महिन्यात होती. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात हस्तक्षेप न करण्याचे वचन होते, आणि १८९४ मध्ये हेच वचन पुढे करून इंग्रजांनी खर्चाच्या पुराव्याची अट नाकारली होती. तीन वर्षांत तेच सरकार यात्रा पूर्ण थांबवायला तयार झाले. व्यापार वाचवायचा तर काहीतरी देणे भाग होते, आणि देण्याजोगी वस्तू म्हणून यात्रा हाताशी होती.

व्हेनिसच्या करारात मुद्दे बारीक आहेत. जहाजांचे तीन वर्ग: रोगग्रस्त, संशयित आणि निरोगी. निरीक्षणाची कमाल मर्यादा दहा दिवस. चाळीसाचे दहा झाले, हा शास्त्राचा आणि व्यापाराचा मिळून विजय. आणि रोगग्रस्त बंदरातून निघणाऱ्या प्रत्येक प्रवाशाची वैद्यकीय तपासणी: एकेकाची स्वतंत्र, दिवसाउजेडी, जमिनीवर, जहाजात चढताना, सरकारी डॉक्टरकडून. म्हणजे युरोपात शिरण्याची अट मुंबईच्या धक्क्यावर पुरी करायची. काही प्रकारच्या माणसांसाठी आणखी वेगळे नियम करण्याची मुभा देशांना राखून ठेवली होती; हे लोक म्हणजे भटके, जिप्सी, देशांतर करणारे आणि टोळ्यांनी सीमा ओलांडणारे. पर्यटक किंवा व्यापारी या यादीत नाहीत.

याच महिन्यात मुंबईत जनरल गॅटेकरची प्लेग समिती आली आणि पुण्यात रँडच्या पथकांनी घरे धुंडाळायला सुरुवात केली. व्हेनिसहून तार आली आणि पुण्यात दार फोडले गेले, इतके सरळ नाते मी सांगू इच्छित नाही. सैनिकांनी बायकांशी केलेले वर्तन, देवघरात घातलेले बूट, जप्त केलेले सामान याचा हिशेब रँडच्याच नावावर राहील, आणि राहावा. पण रोगी शोधून काढणे, त्याला घरातून हलवणे, स्टेशनावर प्रवाशांच्या काखा आणि जांघा चाचपणे हे सारे किती काटेकोर चालले आहे, हे कोणाला तरी दाखवायचे होते. तो प्रेक्षक पुण्यात नव्हता. आपल्या प्लेगविषयक लेखनात हा दूरचा प्रेक्षक क्वचितच येतो, आणि त्यामुळे रँड हा एका विक्षिप्त अधिकाऱ्याच्या चरित्रासारखा वाचला जातो.

नियमांचा झरा मग आतल्या प्रदेशात पसरला. मद्रास इलाख्यात 'प्लेग पासपोर्ट' निघाले: रोगट भागातून आलेल्याने आपला पत्ता नोंदवायचा आणि दहा दिवस अधिकाऱ्यासमोर हजेरी द्यायची. मुंबईत हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये स्वतःवर लस टोचून घेतली होती. पुढे टोचून घेतलेल्यांना काही निर्बंधांतून सूट देण्याचे धोरण आले. लशीचा दाखला हा प्रवासाचा परवाना होण्याची ही एक फार जुनी पायरी.

त्या पायरीवर आपण अलीकडेच उभे होतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनने भारताला 'लाल यादी'त टाकले. परतणाऱ्याने हॉटेलात दहा दिवस राहायचे आणि त्याचे एका प्रौढासाठी १,७५० पौंड स्वतः भरायचे, कामरानचीच रीत. ऑगस्टमध्ये ती यादी सुटली, पण ऑक्टोबरच्या आरंभी लागू झालेल्या नव्या नियमांत भारतात लस घेतलेला माणूस ब्रिटनच्या दृष्टीने लस न घेतलेलाच ठरला. लस होती कोविशील्ड, पुण्यात तयार झालेली. त्याच पुण्याच्या कारखान्यातील पन्नास लाख मात्रा काही महिन्यांपूर्वी ब्रिटनला गेल्या होत्या. पुढे लस मान्य झाली, तरी आक्षेप उरला तो प्रमाणपत्रावर. म्हणजे कुपीवर विश्वास होता, पण ती कोणाच्या दंडात आणि कोणाच्या देखरेखीखाली गेली यावर नव्हता.

१८९७ पेक्षा एक फरक होता. या वेळी दिल्लीचे सरकार स्वतःचे होते. त्याने १ ऑक्टोबरला जाहीर केले, की ४ तारखेपासून भारतात येणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना, लस घेतली असली तरी, आल्यावर विलगीकरणात राहावे लागेल. मुदत दहा दिवस. तिचा व्हेनिसच्या आकड्याशी अर्थातच संबंध नव्हता; ती ब्रिटनच्याच नियमाची जशीच्या तशी परतफेड होती. ११ तारखेपासून ब्रिटनने भारताची प्रमाणपत्रे मान्य केली, आणि त्याच आठवड्यात दिल्लीनेही आपला आदेश मागे घेतला.