मेलबर्नचे तीन गोल

मावळात टाटा हे नाव उच्चारले की आमच्या डोळ्यांपुढे आधी पाणी उभे राहते. लोणावळ्याचा, वळवणचा, शिरवत्याचा तलाव, तेथून घाटाखाली उतरणारे प्रचंड नळ आणि पायथ्याचे खोपोलीचे वीजघर. १९१५ सालापासून ह्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पवनानगरला आम्ही तर एका धरणाच्या कुशीतच राहतो. ते धरण टाटांचे नसून सरकारचे आहे, एवढाच काय तो फरक. पण ह्याच टाटांच्या नावाचा एक फुटबॉलचा संघ मुंबईत होता आणि त्या संघातल्या एका तरुणाने मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल केले, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? वर्गात मी हा प्रश्न टाकतो, तेव्हा पी. के. बॅनर्जींचे नाव एखादा विद्यार्थी सांगतो. नेव्हिल डिसोझाचे नाव सहसा निघत नाही.

तेव्हा वाचकहो, आज ह्या नेव्हिल डिसोझाची ओळख करून घेऊ. पण केवळ एका खेळाडूचे कौतुक करावे, एवढाच माझा हेतू नाही. एखादा खेळाडू मोठा होतो तो कोणाकोणाच्या आधाराने, आणि तो विसरला जातो तो कशामुळे, हे त्याच्या चरित्रातून फार स्पष्ट दिसते, म्हणून त्याची निवड केली.

नेव्हिलचा जन्म १९३२ सालचा, गोव्यातल्या बारदेश तालुक्यातल्या आसगाव येथला. आसगावच्या जवळच शिवोली हे गाव आहे. फादर विल्यम लायन्स नावाच्या धर्मोपदेशकाने १८८३ साली ह्याच शिवोलीत फुटबॉल आणला, असे गोव्याच्या क्रीडेतिहासात नोंदलेले आहे. पुढे चर्चची पटांगणे, शाळांची मैदाने आणि भात कापून मोकळी झालेली शेते ह्यांवर हा खेळ असा काही रुजला की गोवेकराच्या घरात पोर चालू लागले की चेंडूला लाथ मारू लागते, असे गमतीने म्हटले जाते. आमच्याकडे गावोगाव जसा कुस्तीचा आखाडा, तसे तेथे फुटबॉलचे मैदान.

पण गाव खेळ शिकवते, पोट भरत नाही. पोटासाठी गोवेकर मुंबईस येत. कोणी बोटीवर खलाशी होई, कोणी स्वयंपाकी, कोणी वाद्यवृंदात वाजवणारा, कोणी कचेरीत कारकून. धोबी तलावाच्या आसपास त्यांच्या ‘कुडी’ असत. कूड म्हणजे एकेका गावाच्या लोकांनी मिळून चालवलेली खोली. थोडक्या पैशांत पथारी टाकायला जागा, भिंतीशी ट्रंक आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना. गिरणगावात आपल्या घाटावरच्या, कोकणातल्या माणसांनी गाळ्यात जसे बिऱ्हाड केले, तसाच हा प्रकार. ह्या गोवेकरांबरोबर त्यांचा फुटबॉलही मुंबईस आला आणि तेथे त्याला कूपरेजचे मैदान मिळाले.

कूपरेज ह्या नावाचा अर्थ पिपे बांधण्याची जागा. १८९१ साली मुंबईत रोव्हर्स करंडकाची स्पर्धा सुरू झाली. आरंभी ती गोऱ्या पलटणींची मिरासदारी होती. भारतीय संघाला तो करंडक पहिल्यांदा मिळाला तो १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्स ह्या संघाला. पलटणी गेल्यावर मुंबईच्या मैदानावर एक नवाच आश्रयदाता उभा राहिला. तो म्हणजे कंपनी. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा-शेल, रेल्वे, बंदर, गिरण्या, सगळ्यांचे संघ. खेळाडूचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर, आणि संध्याकाळी सरावाची मुभा. पूर्वी संस्थानिकांच्या पदरी पैलवान असत. आता कंपनीच्या पदरी फुटबॉलपटू आले. कॅल्टेक्सने तर १९५८ साली रोव्हर्स करंडकच जिंकून दाखवला. नेव्हिल खेळे तो टाटा स्पोर्ट्स क्लबकडून. जागा आघाडीची, काम गोल करण्याचे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. १९५६ साली गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. आदल्याच वर्षी, १९५५ च्या मे महिन्यात, आपल्या पुण्याचे नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले होते. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि पुढे हद्द बंद झाली. मुंबईतल्या गोवेकराला आपल्या गावी जाणेयेणे दुरापास्त झाले. अशा वेळी आसगावात जन्मलेला हा तरुण भारताचा सदरा घालून ऑलिंपिकला गेला. गोवा स्वतंत्र झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. पण त्याच्या पाच वर्षे आधीच एक गोवेकर भारताच्या आघाडीला उभा होता.

भारतीय फुटबॉलची त्या वेळची स्थिती कशी होती? १९४८ साली लंडनला आपल्या संघातले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले. त्याचे जगाने कौतुक केले. १९५२ साली हेलसिंकीला पुन्हा बरेच जण अनवाणीच उतरले. तेथे गार हवा, ओले मैदान आणि समोर युगोस्लाव्हिया. सामना १०-१ असा गेला. कौतुकाने गोल होत नाहीत, हे तेव्हा सर्वांना कळले आणि बूट सक्तीचे झाले. संघाचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशानेही शिक्षकच. युरोपात खेळाच्या मांडणीत काय बदल होत आहेत, हे त्यांनी बारकाईने पाहिले, पळापळीपेक्षा अचूक पासला किंमत दिली, आणि चार वर्षांत वेगळाच संघ उभा केला. कलकत्त्याचे समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी कर्णधार, जोडीला पी. के. बॅनर्जी, हैदराबादचा बलराम, गोलरक्षणाला थंगराज आणि मुंबईचा नारायण. आणि आघाडीला नेव्हिल.

पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती. पण त्या हिवाळ्यात बुडापेस्टच्या रस्त्यांवर रशियन रणगाडे फिरत होते. हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही, आणि आपण न खेळता पुढे गेलो. १ डिसेंबर १९५६ रोजी उपांत्यपूर्व सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी झाला. नवव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल. एकेचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२. आणि मध्यंतरानंतर लगेच, पन्नासाव्या मिनिटाला, तिसऱ्यांदा नेव्हिल! चौथा गोल किट्टूने केला आणि सामना ४-२ असा आपण जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई, आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश.

उपांत्य सामना पुन्हा त्याच युगोस्लाव्हियाशी, म्हणजे दहा गोल चढवणाऱ्या संघाशी. पूर्वार्धात एकही गोल झाला नाही. उत्तरार्धाच्या आरंभी गोल झाला तो आपला, आणि तो करणारा पुन्हा नेव्हिलच! काही क्षण का होईना, ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याचे दार आपल्यासाठी किलकिले झाले होते. मग मात्र युगोस्लाव्हियाने एकामागून एक गोल केले, एक चेंडू आपल्याच खेळाडूकडून आपल्या जाळ्यात गेला, आणि आपण ४-१ असे हरलो. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवले. भारत चौथा. नेव्हिलचे चार गोल झाले आणि स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांच्या मानात तो एक युगोस्लाव्ह आणि एक बल्गेरियन खेळाडू ह्यांच्या बरोबरीने पहिला आला.

आता इतिहासाचा अभ्यासक म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. स्पर्धेत अवघे अकरा संघ होते. एक फेरी न खेळता मिळाली. म्हणजे एका विजयावर आपण उपांत्य फेरीत पोहोचलो. तेव्हा हे निव्वळ नशीब, असे कोणी म्हणेल. त्याला माझी दोन उत्तरे आहेत. पहिले असे की त्याच डिसेंबरात सिडनीला आपण ऑस्ट्रेलियाशी पुन्हा खेळलो आणि ७-१ असे जिंकलो. नशीब एकाच महिन्यात दोनदा एवढे उदार होत नाही. दुसरे असे की युगोस्लाव्हियाने चार वर्षांपूर्वी दिलेल्या नऊ गोलांच्या फरकाचे तीनवर येणे, आणि मध्ये आपण काही काळ पुढे असणे, ही मेहनतीची कमाई आहे. दार नशिबाने उघडले असेल, पण आत जाऊन तीन गोल करावे लागतात, ते नशीब करीत नाही.

मग हा माणूस विसरला का गेला? माझ्या मते कारण साधे आहे. आम्ही पदके मोजतो. तिसऱ्याला पदक मिळते, चौथ्याला काही नाही, म्हणून चौथ्याची आठवणही नाही. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला. त्या वर्षी फुटबॉलसाठी तो पी. के. बॅनर्जींना मिळाला, आणि ते योग्यच झाले. पण ह्या पुरस्काराच्या यादीत नेव्हिलचे नाव कधीच आले नाही. १९८० साली तो वारला, तेव्हा वयाची पन्नाशीही झाली नव्हती. त्याचा भाऊ डेरेक हाही भारताकडून खेळला. त्याचे नाव तर आणखीच आडोशाला गेले.

आणि ज्या आधारावर असे खेळाडू उभे राहिले, तो आधारही हळूहळू खचला. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुरांडी विझली, कंपन्यांनी आपले संघ आवरते घेतले, रोव्हर्स करंडक २००० च्या सुमारास बंद पडला, महिंद्रासारखा नामांकित संघ २०१० साली मोडला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारत शेवटचा खेळला तो १९६० साली रोमला. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही असे समजणे मला जड जाते. सकाळी मस्टरवर सही आणि संध्याकाळी मैदान, ही व्यवस्था भपकेबाज नव्हती. पण खेळणाऱ्या मुलाच्या आईला ‘पगार चालू आहे’ एवढा धीर ती देत होती. आज आमच्या मावळातला एखादा मुलगा चेंडू घेऊन पळतो, तेव्हा त्याच्या आईला तो धीर कोण देणार? नेव्हिलच्या चरित्रातून उरतो तो हा प्रश्न.

मुंबईत वांद्र्याला आता एका फुटबॉल मैदानाला नेव्हिल डिसोझाचे नाव दिले आहे. मुंबईच्या लीगचे सामने तेथे होतात. नाव मैदानाला दिले हे चांगलेच झाले. पण त्या मैदानावर बूट बांधणाऱ्या पोराला हा नेव्हिल कोण, हे कोणीतरी सांगितले पाहिजे. आणि तो चौथा आला होता, हेही न लाजता सांगितले पाहिजे.